टक् झालं, ठो झालं नाही

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत एखादी वस्तू बंद पडली, तर ती दुरुस्त कशी करायची हा नंतरचा विषय. आधी दोष कुणाचा ते ठरतं. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन टेलला पोचलं नाही की इंदापूरवाला वर बारामतीकडे बघतो, बारामतीवाला आणखी वर वीर धरणाकडे बघतो आणि धरणावरचा माणूस आभाळाकडे. उसाला उतारा बसला नाही की कारखाना म्हणतो पाचट फार आलं, शेतकरी म्हणतो तोड उशिरा दिली, आणि तोडणीवाला तोवर बीडला जाऊन पोचलेला असतो. बी उगवलं नाही तर बियाणं, खत, पाणी आणि शेजारी या क्रमाने चौकशी होते. अशा मुलखात एखाद्या पिस्तुलाने 'ठो' करायच्या वेळी 'टक्' केलं तर काय होत असेल, याची कल्पना पुण्यामुंबईच्या वाचकाला यायची नाही. तिकडे माणूस दुकानदाराला फोन लावतो. इकडे पार भरतो.

आता पिस्तूल इथे आलं कुठून? रीतसर आलेलं आहे. शस्त्र अधिनियम १९५९, त्याखालचे २०१६ चे नियम, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांचा अहवाल आणि आपल्या जिवाला धोका आहे हे पटवून देण्याची खटपट. धोका कुणापासून, हेही सांगावं लागतं. तिथे सख्ख्या चुलतभावाचं नाव लिहायचा मोह आवरता आवरता भल्याभल्यांच्या पेनातली शाई वाळते. एवढं करून परवाना मिळाला तरी नऊ एमएम मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर. म्हणून आपल्याकडे कमरेला जे काही दिसतं ते बहुतेक बत्तीसचं. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं रिव्हॉल्व्हर, नाहीतर बंगालमधल्या सरकारी कारखान्याचं 'अशनी' पिस्तूल. आणि काडतुसाच्या पितळी बुडावर बारीक अक्षरांत 'केएफ' असं दिसलं तर छाती दोन इंच फुगवायला हरकत नाही, कारण ते खडकीचं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे आपल्या बहुतेक साखर कारखान्यांचा पणजोबा, आणि तोही याच पुणे जिल्ह्यातला. २०२१ साली केंद्राने आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या. काडतुसं गेली पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे आणि बंदुका गेल्या कानपूरच्या कंपनीकडे. बंदूक आणि गोळी यांची अशी सरकारनेच वाटणी करून दिली, सातबारे वेगळे झाले, आणि बांधावरून भांडायची कायमची सोय झाली.

ज्यांना एवढ्या कागदांचा कंटाळा, त्यांच्यासाठी गावठी कट्टा असतो. मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या उमरटीचं नाव पोलिसांच्या कारवायांत इतक्यांदा येतं, की आमच्याकडच्या पोरांना इयत्ता पाचवीच्या भूगोलात नसलेलं ते एकमेव गाव पाठ आहे. कट्ट्याच्या बाबतीत दोष काडतुसाचा की बंदुकीचा हा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे प्रश्न एवढाच, की गोळी पुढून निघेल की मागून. ते प्रकरण आपण पोलिसांवर सोडू आणि परवान्याच्या पिस्तुलाकडे वळू.

परवान्याचं पिस्तूल उडवण्यासाठी घेतात हा शहरी गैरसमज आहे. ते दिसण्यासाठी असतं, पण दाखवायचं मात्र नसतं. या दोन्हींच्या मधली जी कला आहे ती बघायची तर लग्नसराईत बारामतीच्या एखाद्या लॉन्सवर जावं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी. पाहुण्यांच्या घोळक्यात उभं राहून गृहस्थ उजव्या हाताने शर्टाचा कोपरा वर उचलतात आणि पाकीट शोधतात. पाकीट डाव्या खिशात असतं हे त्यांना आणि आपल्याला दोघांनाही ठाऊक असतं. चार सेकंद शर्ट वर राहतो. तेवढ्यात चामड्याचं कव्हर, त्याचं चकचकीत बटण आणि मुठीचा काळा तुकडा ज्याने बघायचा त्याने बघून घेतलेला असतो. मग डाव्या खिशातून पाकीट निघतं आणि आहेराचं पाचशे एक रुपयांचं पाकीट लिहून घ्यायला दिलं जातं. या कामासाठी पिस्तूल चालू स्थितीत असण्याची काहीच गरज नसते.

आणि उडवणार तरी कशावर? एकेकाळी सुप्याच्या माळावर शिकारी हिंडायचे म्हणतात. आता तिथे चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे आणि चिंकाऱ्यावर नुसता नेम धरला तरी १९७२ चा वन्यजीव कायदा आपल्यावर नेम धरतो. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला जे पुणेकर येतात, त्यांच्या कॅमेऱ्याची नळी आपल्या पिस्तुलापेक्षा हातभर लांब असते आणि त्यांचा नेमही लागतो. वरातीत हवेत बार काढावा तर २०१९ च्या दुरुस्तीने त्यावर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा आहेर ठेवलेला आहे. सराव करायचा तर पुण्याला बालेवाडीकडे जायचं, आणि एवढ्या लांब गेलेला माणूस मुलीच्या हॉस्टेलला डबा देऊन परत येतो.

मग पिस्तुलाचं आयुष्य जातं कसं? उन्हाळ्यात ते स्कॉर्पिओच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं, जिथे पापड तळून निघतील. पावसाळ्यात गोदरेजच्या कपाटात, डांबरगोळ्या आणि पैठणी यांच्या मधे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात आल्या, तेव्हा ज्यांची नावं छाननी समितीच्या यादीत निघाली त्यांच्या पिस्तुलांनी वर्षातले कित्येक आठवडे सरकारी मुक्कामात काढले. काडतुसांचं त्याहून वाईट. ती चामड्याच्या पट्ट्याच्या कप्प्यांत वर्षानुवर्षं ओळीने उभी असतात. चामडं कमावताना वापरलेल्या रसायनांचा आणि घामाचा पितळेशी संबंध येतो आणि पितळेवर हिरवा थर चढतो. मालक तो थर नारळाच्या शेंडीने घासून काढतो आणि पुन्हा त्याच कप्प्यात ठेवतो. काही हौशी मंडळी रोज सकाळी एक काडतूस चेंबरमध्ये चढवतात आणि रात्री काढतात. रोज तेच. प्रत्येक वेळी स्लाइडच्या धक्क्याने पुढची शिशाची गोळी किंचित आत दबते. आत जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि ज्या दिवशी ते उडतं त्या दिवशी मालकाला आपण काय वाढवून ठेवलं होतं ते कळतं.

आमच्या नात्यातले एक आबा आहेत. गाव उजनीच्या पाण्याकडेला, इंदापूर तालुक्यात. नाव सांगत नाही, कारण अजून आमचं जाणंयेणं आहे. पाण्याकाठच्या गावांत रात्रीचं एकच भय असतं, ते म्हणजे केबलचोर. फुगवट्यावर मोटारी टाकलेल्या, तिथून शेतापर्यंत शेकडो फूट केबल, आणि आत तांबं. चोर येतात, केबल तोडतात, तांबं काढतात आणि नुसतं साल बांधावर ठेवून जातात. जानेवारीतल्या एका रात्री आबांच्या कुत्र्याने ओरडायला सुरुवात केली. आबा उठले. कपाट उघडलं, पैठणीखालून पिस्तूल काढलं, मफलर गुंडाळला आणि उसाच्या कडेला जाऊन आभाळाकडे नळी करून चाप ओढला.

टक्.

आबांनी स्लाइड मागे ओढली, ते काडतूस टुणकन उडून उसात गेलं, दुसरं वर आलं. टक्. तिसरं. टक्. आता अंधारात, थंडीत, पलीकडे केबल तोडणाऱ्या माणसाला तीन वेळा टक् ऐकू गेलं तर तो काय समजेल? आबांचं म्हणणं, चोर घाबरले. आमच्या वहिनींचं म्हणणं, चोरांना वाटलं म्हातारा लायटर पेटवतोय. केबल गेली ती गेलीच.

इथे मला एक सांगितलं पाहिजे. चाप ओढून बार झाला नाही, तर नळी निर्धोक दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं असतं. कधी कधी आतली ठिणगी रेंगाळते आणि बार उशिराने होतो. तीस सेकंद ही आपल्या जिल्ह्यात फार मोठी मुदत आहे. पुणे-सोलापूर हायवेवर टोलनाक्याला तीस सेकंद थांबलेला माणूस माझ्या बघण्यात नाही. आबांनी तेवढ्या वेळात तीन टक् केले, एक चप्पल गमावली आणि चोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

सकाळी पहिलं काम काडतुसं शोधण्याचं. परवान्यावर त्यांचा हिशेब असतो, आणि केबल गेली म्हणून तक्रार द्यायला जाणाऱ्या माणसाची तीन काडतुसं उसात पडलेली असणं बरं दिसत नाही. घरची सगळी माणसं, दोन गडी आणि शाळा बुडवायला आनंदाने तयार झालेली नातवंडं पाचटात ओणवी झाली. दहाच्या सुमारास तिन्ही मिळाली. मग आबा पारावर आले.

पारावर खटला उभा राहिला आणि प्रत्येकाने आपापल्या धंद्याप्रमाणे निदान केलं. कृषी सेवा केंद्रवाले म्हणाले, "लॉट नंबर बघा आबा. एका लॉटचं बी उगवत नाय, तसं एका लॉटचं काडतूस उडत नाय." गुरुजी म्हणाले, काडतूस आपल्या जिल्ह्यातलं, तालुक्यातल्या वालचंदनगरात इस्रोच्या रॉकेटची कवचं बनतात, ती आभाळात जातात, तेव्हा दोष परप्रांतातून आलेल्या पिस्तुलाचा असणार हे उघड आहे. मोबाइलच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "एकदा रिसेट मारून बघा ना." आणि एवढं म्हणून त्याने पिस्तूल उचललं, नळी डोळ्याला लावली आणि दुसऱ्या हाताने मोबाइलची बॅटरी लावली. तेव्हा सैन्यातून सुभेदार होऊन आलेले तात्या असे काही ओरडले की पारावरचे कावळे उडाले आणि पोरगा अजूनही तात्यांच्या गल्लीतून जात नाही.

तात्यांनी मग सांगितलं ते मात्र ऐकण्यासारखं होतं. "टक् झालं तर देवाचे आभार माना. 'फुस्' झालं तर घाबरा." आत दारू नसली किंवा ओली झाली असली, तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यात जाऊन अडकते. आवाज येतो बारीक, धक्का लागतो नावाला. माणसाला वाटतं हुकलं, म्हणून तो पुन्हा चाप ओढतो. मागची गोळी पुढच्या गोळीवर आदळते आणि नळी फाटते. "फुस् झालं की पिस्तूल खाली ठेवायचं. दुसरा बार काढायचा नाय. मग कुणी का शर्यत लावलेली असंना."

पण निकालाची खरी पद्धत सांगितली ती मोटार रिवाइंडिंगवाल्याने. त्याच्या हातात आयुष्यात कधी पिस्तूल आलेलं नाही. तो म्हणाला, "मोटार उचलत नसली तर आम्ही काय करतो आबा? तीच मोटार दुसऱ्या स्टार्टरला लावतो. आन् तोच स्टार्टर दुसऱ्या मोटारीला. एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन्ही एकदम बदलली का कोण खोटं बोलतंय ते कळत नाय." पाराने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण त्याच्या बोलण्यात कुणावर आरोप नव्हता.

पुढच्या आठवड्यात आबांना घेऊन मी पुण्याला एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे गेलो. माणूस साठीचा, भिंग डोळ्यावर, बोलणं कमी. आबांनी बसल्याबसल्या सुरुवात केली, "काडतुसं खराब हायेत. भरपाई कोन देनार?" त्याने काही न बोलता ती तीन काडतुसं पालथी करून एका ओळीत उभी केली आणि भिंग माझ्या हातात दिलं.

काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक बारीक धातूची वाटी बसवलेली असते, तीच प्रायमर. फायरिंग पिन येऊन तिच्यावर आदळते, आतला स्फोटक लेप चिरडतो, ठिणगी भोकातून वर जाते, दारू पेटते, गॅस होतो आणि गोळी सुटते. म्हणजे आदळल्याची खूण वाटीवर राहतेच. भिंगातून बघितलं तर तिन्ही वाट्यांवर खूण होती, पण इतकी उथळ, की लाजऱ्या माणसाने दारावर टकटक केल्यासारखी. शेजारी त्याने एक रिकामी पुंगळी ठेवली, नीट उडालेल्या काडतुसाची. तिच्यावरचा खळगा खोल, गोल आणि बरोबर मधोमध.

मग तो हळूहळू बोलायला लागला. खळगा खोल आहे आणि तरी उडालं नाही, तर बहुधा काडतूस दोषी. प्रायमर मेलेलं. तेल झिरपलं असेल, ओल लागली असेल. खळगा उथळ आहे, तर आधी बंदुकीवर संशय. स्प्रिंग ढिली झाली, पिन झिजली, नाहीतर पिनच्या वाटेत काहीतरी साठलंय. खूणच नाही, तर पिन तुटली, स्लाइड पूर्ण बंद झाली नाही, सेफ्टी लागलेली आहे, किंवा चेंबरमध्ये काडतूसच नाही. हे शेवटचं सांगताना त्याने आमच्याकडे बघितलं नाही. त्याने असं किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल ते त्या न बघण्यातून कळलं. खळगा एका बाजूला पडला असेल, आणि रिव्हॉल्व्हर असेल, तर चक्र बरोबर जागी थांबत नाही. आणि एकाच मॅगझीनमधून दर वेळी घोळ होत असेल तर दोघांनाही सोडा आणि मॅगझीन बदला.

आबा म्हणाले, "म्हंजे बंदूकच खराब. म्या म्हनलंच व्हतं." म्हटलं नव्हतं, पण असो.

"थांबा," दुरुस्तीवाला म्हणाला. त्याने आमची तिन्ही काडतुसं चाचणीच्या जागी दुसऱ्या पिस्तुलात घालून उडवली. तिन्ही उडाली. आबा आणखी खूश. पण माणूस पक्का होता. तो म्हणाला, एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. कारण प्रायमर नीट आत बसवलेलं नसलं तर पहिल्या ठोक्याचा जोर त्याला आत बसवण्यातच जातो आणि दुसऱ्या ठोक्याला ते उडतं. म्हणजे दोष काडतुसाचा असूनही ते दुसऱ्या बंदुकीत साळसूद ठरतं. म्हणून त्याने कोरी काडतुसं, वेगळ्या डब्यातली, आबांच्या पिस्तुलात घातली. टक्. टक्. त्याने वर बघितलं. रिवाइंडिंगवाल्याची पद्धत अक्षरशः तीच होती, फक्त इथे तिचे पैसे पडत होते.

मग त्याने पिस्तूल खोललं. स्लाइड काढली, तिच्यातून फायरिंग पिन बाहेर काढायला गेला, तर ती येईना. चिमट्याने ओढून काढली आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवली. पिनच्या अंगाला मेणासारखा घट्ट थर, रंगाने तांबूस. त्याने नखाने थोडा काढला आणि नाकाशी नेला. आम्हीही वाकलो. खोबरेल तेल. आबा दर महिन्याला पिस्तुलाला प्रेमाने खोबरेल तेल पाजत होते. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतं हे प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. थंडीत बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही. पण बाटलीत गोठणारं तेल पिस्तुलातही गोठेल हा विचार घराच्या उंबऱ्यातून कपाटापर्यंत गेला नव्हता. जानेवारीच्या रात्री, पाण्याकाठी, पिन त्या गोठलेल्या तेलातून वाट काढत जेमतेम प्रायमरपर्यंत पोचली होती आणि नुसती खूण करून परत आली होती.

"आणि हे तांबडं?" मी विचारलं.

त्याने ब्रशने नळीच्या मागचा भाग झाडला. फडक्यावर पडलं ते कुंकू. थोडी हळद. झेंडूची वाळून काळी पडलेली पाकळी. आणि हॅमरच्या खालच्या फटीतून, चिमट्याने अलगद बाहेर काढलेला, अखंड, तांदळाचा एक दाणा. खंडेनवमीची पूजा. आमच्याकडे नवमीला कोयता, नांगराचा फाळ, ट्रॅक्टर, स्टार्टर आणि पिस्तूल एका ओळीत पूजतात, आणि वहिनींचा हात सढळ. ट्रॅक्टरला कुंकवाने काही होत नाही. पिस्तुलाला झालं.

ऐकून तुम्हाला वाटेल, मामला मिटला. आबा मात्र पेचात पडले. काडतुसावर आरोप करून झालेला होता, बंदुकीवर आरोप करून झालेला होता, आणि आता पुरावा सांगत होता की गुन्हा कपाटात, तेलाच्या बाटलीत आणि देव्हाऱ्यात आहे. तेल त्यांनी स्वतः घातलेलं. पूजा वहिनींनी केलेली. पारावर जाऊन यातलं नक्की काय सांगायचं?

मला अशा वेळी नेमबाजीच्या स्पर्धांचा हेवा वाटतो. पंचवीस मीटर पिस्तूल या प्रकारात, ज्यात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, दोष कुणाचा हे ठरवायला नियमावलीच आहे. बार झाला नाही की खेळाडूने पिस्तूल निशाणाकडेच धरून ठेवायचं, मूठ सोडायची नाही, मोकळा हात वर करायचा, बस्स. बोलायचं नाही, खटपट करायची नाही. पंच येतो, पिस्तूल घेतो, निर्धोक दिशेला धरून एकदा चाप ओढून बघतो आणि निकाल देतो. मान्य बिघाड, की अमान्य. पिन आदळूनही काडतूस उडालं नाही, पुंगळी बाहेर पडली नाही, गोळी नळीत अडकली, तर मान्य. सेफ्टी काढायला विसरलात, काडतुसं कमी भरली, भरलीच नाहीत, किंवा पंच यायच्या आधी स्वतःच खुडबुड केली, तर अमान्य, दोष तुमचा, बसा खाली. आपल्या तालुक्यात हा पंच नेमायचा झाला तर त्याच्याच जिवाला धोका निर्माण होऊन त्याला परवाना द्यावा लागेल.

तरी तिथेही सगळं सरळ नसतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ ला मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला. साठ शॉटना पंचाहत्तर मिनिटं, त्यातली महत्त्वाची मिनिटं दुरुस्तीत गेली, ५७५ गुणांवर ती बारावी आली आणि अंतिम फेरी हुकली. ते एअर पिस्तूल. त्यात काडतूस नसतंच. म्हणजे दोन आरोपींपैकी एक हजरच नव्हता, आणि तरीही दोष कुणाचा यावर देशभर पार भरले होते. पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं आणली तेव्हा कुठे ते पार उठले.

आणि ठो झालं म्हणजे वाद मिटतो असंही नाही. २२ जुलै १९३१ ला पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. बार झाले, गव्हर्नर मात्र उभेच. आत चिलखत होतं, असं कुणी म्हणतं. खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणाने गोळी अडवली, असं कुणी म्हणतं. गोगट्यांना पुढे जन्मभर लोक 'हॉटसन गोगटे' म्हणत राहिले. बंदूक आणि काडतूस यांना दोष देता येईना, तेव्हा पुणेकरांनी शिंप्यापर्यंत चौकशी नेली. याला म्हणतात चिकाटी.

आबांकडे परत येऊ. दुरुस्तीवाल्याने पिस्तूल साफ केलं, बंदुकीचं पातळ तेल दिलं आणि सांगितलं, दोन थेंब, तेही पुसून. काडतुसांजवळ तेल न्यायचं नाही, ते प्रायमरमध्ये उतरतं. बिलावर त्याने लिहिलं, 'साफसफाई'. आबांनी ते बिल वाचलं आणि त्याला परत दिलं. "एवढं बारीक नगा लिवू. 'तांत्रिक बिघाड' लिवा." माणूस समजूतदार होता. लिहून दिलं.

पारावर आबांनी ते बिल दाखवलं. 'तांत्रिक बिघाड' हे शब्द बघून गुरुजी म्हणाले, परप्रांतीय. कृषी सेवा केंद्रवाले म्हणाले, लॉट. रिवाइंडिंगवाल्याने फक्त विचारलं, "आत काय निघालं?" आबा म्हणाले, "कार्बन."

घरी मात्र प्रश्न सोपा नव्हता. पूजा बंद करा म्हणणार कोण? आबांनी एकदा घसा खाकरून विषय काढला. वहिनी म्हणाल्या, "पूजा केली म्हनून टक् झालं. नसती केली तर तुमच्याच अंगावर उडालं असतं." यावर खडकीपासून कानपूरपर्यंतच्या कुठल्याही तज्ज्ञाकडे उत्तर नाही. शेवटी दसऱ्याला तोड निघाली. पिस्तूल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ओळीत ठेवायचं, आणि हळदकुंकू, अक्षता, झेंडू काय वाहायचं ते परवान्याच्या पुस्तिकेवर वाहायचं. परवाना म्हणजे पिस्तूलच की, असं आबांनी समजावलं आणि वहिनींनाही ते पटलं. त्यांनी मनोभावे पूजा केली. गंध पातळ होतं.

पुस्तिका आता नूतनीकरणाला गेली आहे. आबांचा फोटो आणि सही यांच्या मधोमध मोठे तांबडे डाग पाहून तिथल्या कारकुनाने ती दोन वेळा उलटीसुलटी केली, आबांकडे बघितलं, पुन्हा डागांकडे बघितलं आणि फाइलवर शेरा मारला: 'परवान्यावर तांबडे डाग आढळले. परवानाधारकाचा जबाब घ्यावा.'